साहित्य कक्षातली माणसं : विधानसभा २०२४ च्या प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

दुपारी साडेतीनला दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद सुरू झाली, आचारसंहिता लागली आणि संध्याकाळपर्यंत इकडे कोनशिला, योजनांचे फलक, कॅलेंडरवरचे फोटो अशी सगळी झाकाझाक होऊन गेली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी, राज्यातले २८८ मतदारसंघ एकाच टप्प्यात. आमचा मतदारसंघ वाई. त्यात वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर असे तीन तालुके. एका अंगाला पुणे-सातारा महामार्ग, दुसऱ्या अंगाला कोयनेचं शिवसागर, आणि मध्ये पसरणीचा घाट.

माझी नेमणूक पुन्हा साहित्य कक्षात, म्हणजे मतदान केंद्रांना लागणारं सामान देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या कक्षात. मे महिन्यात लोकसभा झाल्यावर अहवाल लिहायला बसलो, तेव्हा "साहित्य वाटप व स्वीकृतीचे काम सुरळीत पार पडले" एवढं एकच वाक्य त्यात बसलं. कुणामुळे सुरळीत पार पडलं, ते लिहायला त्या नमुन्यात रकानाच नव्हता. म्हणून या खेपेला ही वेगळी वही.

१८ ऑक्टोबर

कक्ष भरला. निवडणूक शाखेच्या नायब तहसीलदार मॅडम प्रमुख. खंडाळ्याकडचे चित्रकलेचे गुरुजी, त्यांना शाळेने "अक्षर चांगलं आहे" म्हणून पाठवलंय की शाळेत नकोत म्हणून, असं ते स्वतःच हसत विचारतात. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका ताई. संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्या ताई, त्या वयाने इतक्या लहान की सगळे त्यांना छोट्या ताई म्हणायला लागले. महाबळेश्वरकडचे एक कोतवाल. आणि दुसऱ्या खात्यातून आलेले शिपाईमामा, ज्यांची मी मे महिन्यापासून वाट बघत होतो.

मामा आल्या आल्या म्हणाले, "साहेब, मागच्या वेळची सुतळी कुजकी होती. या वेळी आधी ओढून बघा."

ओढून बघितली. बंडल परत पाठवलं.

२४ ऑक्टोबर

प्रत्येक केंद्राची एक पिशवी. बाहेरच्या माणसाला वाटतं, यंत्र दिलं की झालं. पिशवीत काय जातं ते एकदा लिहून ठेवतो: मतदार यादीची चिन्हांकित प्रत, मत देणाऱ्यांची १७ अ ची नोंदवही, पडलेल्या मतांच्या हिशेबाचे १७ क चे नमुने, केंद्राध्यक्षांची दैनंदिनी, हिरव्या कागदी मोहरा, पट्टी मोहर, विशेष खूणचिठ्ठ्या, अभिरूप (म्हणजे यंत्र तपासायच्या, लुटुपुटीच्या) मतदानाच्या चिठ्ठ्या ठेवायचं काळं पाकीट आणि त्याच्या डबीसाठी गुलाबी मोहर, पितळी शिक्का, बाणफुलीचा रबरी शिक्का, शाईच्या बाटल्या, लाख, मेणबत्ती, काडेपेटी, ब्लेड, टाचण्या, सुतळी, कार्बन, आणि पाकिटंच पाकिटं. वैधानिक वेगळी, अवैधानिक वेगळी. यातली एक काडेपेटी राहिली तरी शिवसागराच्या काठी तापोळ्याच्या पलीकडे रात्री सातला केंद्राध्यक्ष लाख कशावर वितळवणार?

शाई म्हैसूरच्या कारखान्याची. १९६२ च्या निवडणुकीपासून देशभर तीच. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीला धरतं, मग किती घासा. पर्यवेक्षिका ताईंनी प्रत्येक बाटली उलटी धरून पाहिली. झाकण पाझरणाऱ्या निघाल्या त्या बाजूला. संध्याकाळी त्यांच्या दोन्ही हातांना डाग. "आता मला कुणी मत देऊ द्यायचं नाही," म्हणाल्या. डावी तर्जनी मात्र त्यांनी मोज्यात जपून ठेवलेली.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सुट्टी. तरी सकाळी गुरुजी येऊन पाकिटांवरची नावं लिहून गेले. घरी पाहुणे आहेत, तिथे शांतता नाही, हे त्यांचं कारण. खरं कारण मला माहीत आहे. पाडव्यानंतर त्यांना मुलीकडे जायचं होतं आणि काम अर्धवट सोडून जायची त्यांची तयारी नव्हती.

४ नोव्हेंबर

दुपारी तीनला माघारीची मुदत संपली. उमेदवार किती उरले याच्यावर गावात पैजा लागतात. आमच्या कक्षात प्रश्न वेगळा असतो. बॅलेट युनिट, म्हणजे मतदाराने बटण दाबायचं यंत्र, एक लागणार की दोन? एका युनिटवर 'नोटा' धरून १६ जागा. 'नोटा' धरून सतरावं नाव आलं की प्रत्येक केंद्राला आणखी एक युनिट, म्हणजे वाहतूक, टेबलं, पावत्या, सगळंच वाढतं. छोट्या ताईंनी दोन्ही तक्ते आदल्या रात्रीच तयार ठेवले होते. उत्तर कळल्यावर नको असलेला तक्ता त्यांनी पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकला आणि चहाला गेल्या. ज्या कामाचा अर्धा भाग फेकून द्यावा लागणार हे आधीपासून ठाऊक असतं, ते काम तितक्याच नेटाने करणारी माणसं सरकारी कचेरीत नसतात, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

११ नोव्हेंबर

यंत्रं सज्ज करायचं काम सुरू. कोणतं यंत्र कोणत्या केंद्राला जाणार हे ठरवणारी दुसरी सरमिसळ निरीक्षक आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर झाली, यादी त्यांच्या हातात दिली. आता बॅलेट युनिटवर मतपत्रिका बसवायची. विधानसभेची म्हणून गुलाबी, लोकसभेची पांढरी. (नांदेडवाल्यांची आठवण झाली. तिथे त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूकही आहे. दोन रंग, दोन संच, दोन नोंदी. तिथल्या साहित्य कक्षाला माझा इथूनच नमस्कार.)

व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून काचेत दाखवणारं यंत्र. त्यात चिन्हं भरायला कंपनीचे इंजिनीअर आलेत. पोरं पंचविशीतली, कुणी तेलंगणाचं, कुणी उत्तरेकडचं. चिन्हं भरताना समोर मोठा पडदा, प्रतिनिधी बघत बसलेले. या वर्षी एक काम वाढलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिलच्या निकालानंतर चिन्हं भरायचं उपकरणही पेटीत बंद करून, सह्या घेऊन, निवडणुकीचा निकाल लागल्यावर ४५ दिवस यंत्रांबरोबर कुलपात ठेवायचं. पेटीच्या मोहरेवर सह्या घेताना एका प्रतिनिधींनी चष्मा घरी विसरल्याचं सांगितलं. गुरुजींनी स्वतःचा दिला. नंबर जुळला.

पाच टक्के यंत्रांवर हजार-हजार मतांची चाचणी. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. म्हणजे हजार मतांना नुसत्या चिठ्ठ्या पडायलाच जवळजवळ दोन तास, वरचा वेळ वेगळा. मग त्या हजार चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या बेरजेशी ताडायच्या. कोतवाल एका यंत्रापाशी बसले ते बसलेच. प्रतिनिधी येऊन स्वतः बटणं दाबून जायचे, गप्पा मारायचे, उठून जायचे. कोतवालांचं बोट आणि तोंडातला आकडा चालूच. मधे कुणी हाक मारली तर उत्तर द्यायच्या आधी आकडा मोठ्याने म्हणायचे, "चारशे बारा, हां, बोला."

१४ नोव्हेंबर

८५ वर्षांपुढचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले ज्यांनी घरून मतदानाचा १२ ड अर्ज भरला, त्यांच्या घरी जाऊन मतदान घेणारी पथकं निघाली. आमचा संबंध पुठ्ठ्याचा मतदान कक्ष, पाकिटं आणि पेटी देण्यापुरता. पण परत आलेल्या पथकातले शिक्षक सांगत होते, एका आजींनी नातवाला, सुनेला आणि व्हिडिओवाल्यालाही दाराबाहेर काढलं. व्हिडिओवाल्याला समजावून परत आत घ्यावं लागलं, त्याने आजींच्या पाठीमागून उंबऱ्याशी उभं राहून चित्रण केलं. मतपत्रिका मात्र कुणाला दिसली नाही.

१६ नोव्हेंबर

केंद्राध्यक्षांचं शेवटचं प्रशिक्षण. मुख्याध्यापक, प्राध्यापक, बँकेचे अधिकारी. यंत्राचं सगळ्यांना येतं, मे महिन्यातच करून झालेलं. अडतं ते लाखेपाशी. पुस्तिकेत "लाखेने मोहोरबंद करावे" एवढंच लिहिलंय. मॅडमनी ऐनवेळी शेवटचं टेबल मामांना दिलं.

मामा बोलत नाहीत फार. त्यांनी मेणबत्ती खाली ठेवली आणि लाखेची कांडी ज्योतीच्या वर नाही, कडेला धरली. वर धरली की काजळी धरते आणि लाख काळी पडते. कांडी बोटांत फिरवत राहिले. टोक मऊ होऊन लोंबायला लागलं तसं पाकिटाच्या दुमडीवर आणलं, थेंब पडू न देता टेकवून गोल चोळलं. रुपयाएवढा गोळा झाला. मग पितळी शिक्का शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बुडवला, एक झटका दिला आणि गोळ्यावर सरळ दाबून मनात पाच मोजले. उचलला तर शिक्का स्वच्छ, अक्षरं उठलेली. "कोरडा शिक्का लावाल तर लाख त्याच्याबरोबर येईल, न् पाकीट फाटंल," एवढंच बोलले. पाण्याची वाटी हे पुस्तिकेत नाही. साहित्याच्या यादीतही नाही. त्यांनी घरून आणली होती.

मग एकेकाने करून बघितलं. एका महाविद्यालयाचे विभागप्रमुख बोट भाजून घेऊन पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले. मामांनी त्यांची कांडी हातात हात धरून फिरवून दाखवली, जशी पहिलीच्या पोराला पेन्सिल धरून दाखवतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटेपासून वाटप. पसरणी घाट चढून पुढे तापोळ्याला जाऊन लाँच पकडायची आहे अशा पथकांना पहिलं टेबल. ही युक्ती कोतवालांची. मागे केंद्राच्या क्रमांकाप्रमाणे वाटप होई, म्हणजे लांबची पथकं रांगेत आणि महामार्गावरची दहा वाजता मोकळी. कोतवालांनी केंद्रांची यादी घेऊन तिच्यावर वाटेचे तास लिहिले होते. नकाशातले किलोमीटर नव्हे, तास. कुठे एसटी दारापर्यंत जाते, कुठे जीप बदलावी लागते, कुठे लाँचमधून उतरल्यावर चढण आहे. मॅडमनी ती यादी तशीच्या तशी टंकून घेतली आणि त्याप्रमाणे टेबलं लावली.

न्याहारी आणि जेवण बचत गटाकडे. सकाळी पोहे, दुपारी पिठलं, भाकरी, ठेचा, भात-आमटी. बायका रात्री दोनपासून चुलीपाशी होत्या. त्यांच्यातल्या म्होरक्या मावशींनी मला एक गोष्ट सुनावली. "भाऊ, ज्या बाया पाणी वलांडून जातात त्यांच्याजवळ भाकरी बांधून द्यायची. तिथं रात्री कोण वाढणार?" आम्हाला हे सुचलं नव्हतं असं नाही, पण सुचणं आणि कागदात भाकऱ्या बांधून, वर कांदा ठेवून, नावं विचारून हातात देणं यात फरक आहे. केंद्रावरच्या कर्मचारी बायकांचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो, दुसरा रात्री झोपायच्या खोलीला आतून कडी आहे का हा. पर्यवेक्षिका ताईंनी आधीच अंगणवाडी सेविकांना फोन लावून ज्या शाळांच्या कड्या मोडक्या होत्या तिथे त्या बसवून घेतल्या होत्या. कुणाच्या कामाच्या यादीत नसलेलं हे काम आहे.

दुपारी तीनपर्यंत मैदान रिकामं. गाड्या हलेपर्यंत एसटीच्या एकाही चालकाने "किती वेळ" असं विचारलं नाही. त्यातले काही रात्रपाळी करून आलेले.

२० नोव्हेंबर, बुधवार

साडेपाचला अभिरूप मतदान. किमान ५० मतं टाकायची, बेरीज दाखवायची, चिठ्ठ्या मोजायच्या, मग यंत्र पुसून कोरं करायचं. पुसायचं राहिलं तर दिवसाचा सगळा हिशेब बिघडतो. छोट्या ताई सव्वासहापासून फोनवर: "सर, क्लोज केलं? रिझल्ट दाखवला? क्लिअर केलं? बेरीज शून्य आली? मला वाचून दाखवा, शून्य म्हणा." समोरचा वैतागला तरी शून्य म्हणवून घेतल्याशिवाय फोन ठेवत नव्हत्या.

मोबाइल लागत नाही अशा केंद्रांसाठी पोलिसांचा बिनतारी संच आणि गावातली पोरं निरोप्या म्हणून. दर दोन तासांची टक्केवारी तिथून उशिरा येई. वरून विचारणा होई, खाली मॅडम शांतपणे "येतंय, येतंय" म्हणत राहत. त्यांनी वरचा एकही आवाज आमच्यापर्यंत पोचू दिला नाही. हे उपकार दिसत नाहीत म्हणून लिहून ठेवतो.

व्हीव्हीपॅटची धास्ती असतेच. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत यंत्रं बंद पडून ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून उजेडाचा झोत थेट यंत्रावर पडू द्यायचा नाही हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. खिडकीसमोर यंत्र नको, डोक्यावर दिवा नको. आज एका केंद्रावर चिठ्ठी अडकली, क्षेत्रीय अधिकारी राखीव संच घेऊन पोचले, मतदान पुढे चालू. इतकंच.

सहाला फाटक बंद. आत असलेल्यांना चिठ्ठ्या, रांगेच्या शेवटापासून पुढे. खंडाळ्याकडे एका केंद्रावर रांग बरीच लांबली. तिथल्या तिसऱ्या मतदान अधिकारी बाई सकाळपासून एका जागी बसून होत्या.

२१ नोव्हेंबर, पहाट

साहित्य स्वीकृती. याच रात्रीसाठी हा सगळा कक्ष. पथकं दमून येतात, घरी जायची घाई, आणि समोर आम्ही पाकिटं तपासत बसलेलो. शिव्या खायची ही वेळ.

रात्री उशिरा एक केंद्राध्यक्ष आले. यंत्रं ठीक, मोहरा ठीक. १७ क ची प्रत वर दिसेना. ही प्रत नसली तर मोजणीच्या टेबलावर त्या केंद्राची बेरीज कशाशी ताडणार? गुरुजी म्हणाले, "बसा सर. चहा घ्या." सरांच्या हाताला कंप. पर्यवेक्षिका ताईंनी पिशवीतली अवैधानिक पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली, प्रत्येकाची जाडी बोटांनी चाचपली आणि दैनंदिनीच्या पाकिटावर बोट ठेवलं: "हे जाड लागतंय." प्रत तिथेच होती. आकडे जुळले: नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक आणि यंत्राची बेरीज एकच. सर उठून ताईंना नमस्कार करायला लागले, तर त्या म्हणाल्या, "अहो सर, तुमच्या अक्षरात सगळं नीट आहे, फक्त घर चुकलंय."

पाण्यापलीकडची पथकं शेवटी आली. लाँचवाल्यांनी अंधारात, बंदोबस्तासह, हळू आणलं. ते मात्र तापोळ्याहूनच परत फिरले, आम्हाला त्यांचं तोंडही दिसलं नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडून नावं मागून घेतली आहेत.

यंत्रं सुरक्षा कक्षात. दुहेरी कुलूप, मोहर, सह्या, पहारा. मामा जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून झोपले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मोजणी. आठला टपाली मतं, मग यंत्रं. आमचं तिथे काम नाही. बाहेर बसून कोणत्या टेबलावरून "१७ क पाठवा" अशी हाक येते का ते ऐकत होतो. आली नाही. शेवटी सोडतीने काढलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून झाल्या, जुळल्या. राज्यात ६६ टक्क्यांच्या वर मतदान झालं, १९९५ नंतर पहिल्यांदाच एवढं. बाहेर गुलाल. आम्ही कार्बनचे उरलेले कागद मोजत होतो, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

२७ नोव्हेंबर

आभारपत्रं. छापील मजकूर आहे: "आपण सोपविलेली जबाबदारी चोखपणे पार पाडली." सगळ्यांना एकच. मॅडमना विचारलं, प्रत्येकावर एक ओळ हाताने लिहू का? म्हणाल्या, "लिहा, सही माझी घ्या." गुरुजींच्याच अक्षरात लिहून घेतल्या, त्यांची स्वतःची सोडून. ती मी लिहिली, आणि माझं अक्षर बघून त्यांनी डोळे मिटले.

कोतवालांच्या पत्रावर वाटेच्या तासांची यादी. ताईंच्या पत्रावर कड्या आणि जाड पाकीट. छोट्या ताईंच्या पत्रावर फक्त शून्य. बचत गटाच्या मावशींना भाकरीबद्दल. लाँचवाल्यांची पत्रं क्षेत्रीय अधिकारी तापोळ्याला पोचवणार आहेत.

मामांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. "सायेब, ह्ये सेवापुस्तकात लागंल का?"

"लावायला सांगतो."

"आन् दोन दिसांची बदली सुट्टी?"

तीही मिळाली. मॅडमनी त्यांच्या खात्याला स्वतः फोन केला.

३ डिसेंबर

शेवटची माणसं कार्यमुक्त. मानधनाच्या यादीत बचत गटाचं बिल आणि कोतवालांचा खाते क्रमांक पुन्हा तपासला, आकडे बरोबर. साहित्य कोठारात परत केलं.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका रखडल्यात, केव्हा लागतील कळत नाही. त्या वेळी या खुर्चीवर कुणीही असो, त्याच्यासाठी:

मामांना आधी मागून घ्यावं, पत्राचा मसुदा फायलीत पहिल्याच पानावर आहे. वाटप कोतवालांच्या यादीप्रमाणे करावं, पावसाळ्यात असेल तर त्यांना विचारून तास बदलावेत. सुतळी ओढून बघावी. साहित्याच्या यादीत पाण्याची वाटी घातली आहे, ती कुणी कमी करू नये. मावशींना निदान आठवडाभर आधी सांगावं, ज्वारी दळून आणावी लागते.